चाकरमान्याने गावी कसं पोचावं

गणपतीला गावी जायचं ठरलंय ना? मग आधी भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा, पेन्सिल घ्या आणि खोडरबर शेजारी ठेवा. खोडरबर विसरू नका. २०२० च्या श्रावणात ज्यांनी पेनाने तारखा लिहिल्या, ते अजून पस्तावताहेत.

कोरोनाची साथ पुन्हा कधी येईल न येईल, पण आली तर गाठीशी अनुभव असलेला बरा. मी त्या वर्षी डोंबिवलीहून कणकवलीच्या पुढच्या आमच्या वाडीत यशस्वीपणे पोचलेला माणूस आहे. यशस्वीपणे म्हणजे बाप्पाच्या आधी. तेव्हा हा सल्ला फुकटचा असला तरी ऐकीव नाही.

पहिली गोष्ट, नियम आला की लगेच पाळायला धावू नका. नवा तांदूळ शिजवायला घेतला की भाताचा गोळा होतो, हे घरात कुणीही सांगेल. तो जरा जुना होऊ द्यावा. नियमाचंही तसंच. आमची चूक हीच झाली की आम्ही ताजा नियम पातेल्यात टाकला.

चतुर्थी होती २२ ऑगस्टला. विलगीकरण चौदा दिवसांचं. सिंधुदुर्गात ठरलं की चाकरमान्यांनी ७ ऑगस्टच्या आत यावं. हिशेब सरळ होता. चौथीच्या मुलालाही वजाबाकी जमली असती. मी आणखी शहाणा, म्हटलं दोन-चार दिवस हातचे ठेवू. ३१ जुलैच्या रात्री निघालो, १ ऑगस्टला सकाळी गावच्या शाळेत विलगीकरणात दाखल. आणि ४ ऑगस्टला सरकारने जाहीर केलं की चौदा नव्हे, दहाच दिवस पुरेत. १२ तारखेपर्यंत या. एसटीने आलात तर ई-पासही (जिल्ह्याबाहेर जायचा ऑनलाइन परवाना) नको. १२ नंतर येणार असाल तर प्रवासाच्या आधी ४८ तासांतली चाचणी निगेटिव्ह हवी.

शाळेच्या खिडकीतून मी गावच्या कोरोना समितीच्या माणसाला विचारलं, “मग आमचेही दहाच ना?”

तो दोन पावलं मागे सरकून म्हणाला, “तुमी चवदाचे. ते धाचे.”

जणू आमचा लॉट वेगळा होता. बरं, ज्या रेल्वेच्या विशेष गाड्यांची अख्खा लालबाग-परळ वाट बघत होता, त्या धावू लागल्या १५ ऑगस्टपासून, म्हणजे बिनचाचणीचा दरवाजा बंद झाल्यावर तीन दिवसांनी. रिकामी गाडी कोकणात जाताना बघायची असेल तर तो योग त्या वर्षी होता. एरवी त्या काळी चार महिने आधी पहाटे उठूनही वेटिंग दोनशेच्या पुढे असायचं.

आता ई-पासाबद्दल. त्या वर्षी पास एसटीवाल्यांना नको, खासगी गाडीवाल्यांना हवा होता. एका एसटीत २२ अनोळखी माणसं बसली तर ती सुरक्षित. माझ्या गाडीत मी, बायको, मुलगा आणि आई बसलो, गेले चार महिने एकाच खोलीत एकमेकांच्या तोंडावर शिंकत होतो, तर आम्ही संशयित. यामागे काही शास्त्र असणार. ते शोधत बसू नका, फॉर्म भरा.

फॉर्ममध्ये प्रवासाचं कारण विचारतात. ‘गणपती’ असं लिहू नका. गणपती हे कारण नाही, गणपती ही सवय आहे. कारण म्हणजे आजारपण नाहीतर मरण. त्या पावसाळ्यात मुंबईतून कोकणात जाण्यासाठी किती आत्या, माम्या आणि चुलत आज्या कागदोपत्री दिवंगत झाल्या, याची मोजदाद कुणी केलेली नाही. माझा सल्ला इतकाच, की आधीच वारलेल्या नातेवाइकाची निवड करा. म्हणजे पोचल्यावर ती व्यक्ती स्वतः दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहत नाही. आमच्या शेजाऱ्याच्या बाबतीत तसं झालं. मावशीने स्वतःच्याच अंत्यविधीला आलेल्या भाच्याला चहा विचारला.

पासासोबत डॉक्टरांचा दाखलाही लागतो, तुम्हाला ताप-खोकला नसल्याचा. तो मिळवण्याची रीत अशी. दवाखान्याबाहेर रांग असते. त्या रांगेत दोन तास उभं राहावं. तुमच्या पुढे ताप आलेला माणूस असतो, मागे खोकणारा. दोघांच्या मध्ये राहून तुम्ही निरोगी आहात हे सिद्ध होतं. डॉक्टर लांबूनच बघतात, सही करतात, पैसे घेतात. फोटो मोठा झाला म्हणून पोर्टल अर्ज परत पाठवतं. फोटो लहान केला की दाखला वाचता येत नाही म्हणून परत पाठवतं. मग कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला सांगतो की तो ‘करून देतो’. मी त्याच्याकडे गेलो नाही. (बायकोचं म्हणणं, तिथेच चुकलं.)

हायवेबद्दल काही लिहीत नाही. मुंबई-गोवा महामार्ग हा स्वतःच कित्येक वर्षं विलगीकरणात आहे, त्याला उगाच त्रास नको. फक्त लक्षात ठेवा की एकाच राज्यात तुम्हाला दोन सरहद्दी ओलांडायच्या असतात. कशेडी घाटात रायगड संपून रत्नागिरी लागते, खारेपाटणला रत्नागिरी संपून सिंधुदुर्ग. शाळेत भूगोलात हे शिकवलं होतं, पण तिथे बंदूक रोखून ताप मोजतात हे शिकवलं नव्हतं. आमचा नंबर लागला तेव्हा पहाट झाली होती. माझं तापमान यंत्राने ९३ दाखवलं. त्या तापमानाला माणूस जिवंत राहतो का, असं मी विचारणार होतो, पण मागच्या गाडीने हॉर्न दिला.

डाव्या हातावर शिक्का बसला. शाई चांगली होती, मतदानाच्या शाईची सख्खी बहीण. आईने दुसऱ्या दिवशी भांडी घासायच्या राखेने घासून बघितली. हात लाल झाला, शिक्का होता तिथेच.

तर मग तुम्ही शाळेत पोचता. जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, दोन खोल्या, कौलारू. फळ्यावर मार्चमधली तारीख तशीच होती. खाली ‘पट १९, हजर १७’. आम्ही चौघं आणि ठाण्याचं एक जोडपं असे सहा जण. मुलाने खडू घेऊन १७ खोडलं आणि ६ लिहिलं. पहिली-दुसरीच्या बाकांवर पाय दुमडून जेवण्याचा सराव आधीपासून करून ठेवा, गुडघे तयार हवेत. पावसात एक कौल हमखास गळतं, आणि ते तुमच्याच अंथरुणावर गळतं. रात्री बेडकांची सभा असते. तिला विलगीकरण लागू नाही.

जेवण घरून यायचं. काकू डबा शाळेच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) ठेवायची, मागे सरायची, मग हाक मारायची. आपण जाऊन उचलायचा. ऊन पेज, सुक्या बांगड्याची किसमूर, कधी घावणे. स्वतःच्या घराचं कौल तिथून दिसत होतं, खळ्यातली तुळससुद्धा. मधे एक शेत आणि एक व्हाळ, म्हणजे ओढा. मुंबईहून साडेचारशे किलोमीटर आलो, उरलेल्या दोनशे मीटरला दोन आठवडे लागले.

काका रोज संध्याकाळी रस्त्यावर उभा राहून चौकशी करायचा.

“काय रे, बरो आसस मां?”

“बरो आसय, काका.”

“मगे थयच रव.” (मग तिथेच राहा.)

आजीला मात्र समजावावं लागलं नाही. नव्वदीची बाई. ‘विलगीकरण’, ‘क्वारंटाइन’ हे शब्द तिने झटकून टाकले. तिने एकच विचारलं, “सुतक कोणाचा?” मी गडग्यापलीकडून ओरडलो, “मुंबयचा.” तिने मान डोलावली. शिवायचं नाही, घरात यायचं नाही, वेगळं जेवायचं, मोजून दिवस काढायचे. दहा दिवसांचा नियम आल्यावर तर तिची खात्रीच पटली. सरकारला म्हणे उशिरा का होईना, सुतकाचे दिवस कळले. फक्त सुतकात मधेच दिवस बदलत नाहीत, एवढाच तिचा आक्षेप होता.

इथे एक गोष्ट उपरोध बाजूला ठेवून सांगतो. गावाची भीती खोटी नव्हती. वाडीत सत्तरीच्या पुढचीच माणसं जास्त, जवळचं आरोग्य केंद्र घाटीच्या पलीकडे, आणि स्वॅब सुरुवातीला मिरजेपर्यंत जायचे. मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यावर ऐनाचे ओंडके आडवे टाकणारे तेच पोरगे होते, ज्यांनी जूनमध्ये निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडला कौलं पोचवली. राग त्यांच्यावर काढू नका. त्यांनाही रोज नवा कागद येत होता, आणि तो वाचून दाखवायचं काम त्यांच्याच गळ्यात.

असो. १५ ऑगस्टला मी झेंडावंदन करून शाळेतून सुटलो. चुलत भाऊ १२ तारखेला एसटीने, बिनपासाचा आला होता. तो थेट स्वतःच्या माडीवर, दहा दिवस, पंखा आणि टीव्हीसकट. धाकटा चुलत भाऊ २० तारखेला निगेटिव्ह रिपोर्ट खिशात घालून आला आणि सरळ ओटीवर बसून गणपतीवरची माटवी बांधायला लागला. तिघंही एकाच घरातले, एकाच पाटावरच्या गणपतीसाठी आलेलो. नियम कुणीच मोडला नव्हता. चौदा दिवस फक्त मीच काढले, कारण मी वेळेवर आलो.

आणि मग चतुर्थीचा दिवस. २२ ऑगस्ट. आरती संपली, मोदक वाढले, कुणीतरी मोबाइल बघून म्हणालं की दिल्लीहून केंद्रीय गृहसचिवांचं राज्यांना पत्र आलंय. राज्याबाहेर किंवा राज्यातल्या राज्यात ये-जा करण्यावर निर्बंध घालू नका, वेगळी परवानगी, पास काही लागत नाही, हे २९ जुलैच्या मार्गदर्शक सूचनांतच होतं. २९ जुलै! मी ३१ ला निघालो होतो. ओटीवर जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग काकाने मला एक मोदक जास्त वाढला.

इथवर जमलं असेल तर पुढच्या इयत्तेकडे वळा. बांद्याला राहा आणि पत्रादेवीच्या पलीकडे, गोव्यात, नोकरी धरा. दोडामार्ग-बांद्यातल्या पोरांची रोजीरोटी तिकडे, आजारपणातलं बांबोळीचं हॉस्पिटल तिकडे, म्हापशाचा बाजार तिकडे. जून २०२० मध्ये गोव्यात शिरायला तीन वाटा होत्या. ४८ तासांतला निगेटिव्ह चाचणीचा दाखला, नाहीतर २००० रुपये भरून तिथे चाचणी, नाहीतर चौदा दिवस घरात. रोज जाऊन-येऊन कामं करणाऱ्याने यातली कुठली वाट निवडावी, हे गणित मी अजून सोडवतोय. सप्टेंबरमध्ये सीमा उघडली, आणि मे २०२१ मध्ये पुन्हा निगेटिव्ह रिपोर्टाशिवाय आत नाही.

२०२१ चा अभ्यासक्रम तर पदव्युत्तर होता. एप्रिलमध्ये शिक्का परत आला, ई-पास परत आला, चौदा दिवसही परत आले. लग्न दोन तासांत उरकायचं, माणसं पंचवीस. जूनमध्ये जिल्ह्यांचे पाच स्तर झाले. बाधितांचं प्रमाण किती आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्या, यावरून तुमचा जिल्हा कितवा ते ठरणार. आकडे गुरुवारी, अंमल सोमवारी. पाचव्या स्तरात शिरायचं किंवा तिथून निघायचं तर पास. म्हणजे बुधवारी निघालेला माणूस कुठल्या स्तरातून कुठल्या स्तरात चाललाय, हे त्याला स्वतःला माहीत असण्याचं कारण नव्हतं. खोडरबर सांगितलं ते यासाठीच.

परतीचं राहिलंच. जायचा पास यायला चालत नाही. परतीचा अर्ज मी गौरी आल्या त्या दिवशी केला. कारण लिहिलं ‘स्वतःच्या घरी जाणे’. दोनदा परत आला, एकदा फोटोमुळे, एकदा का ते कळलं नाही. आमचा गणपती अकरा दिवसांचा. १ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, संध्याकाळी व्हाळावर विसर्जन केलं. आणि २ सप्टेंबरपासून राज्यात ई-पासच रद्द झाला.

शनिवारी पेण मागे टाकलं, तेव्हा फोन वाजला. अर्ज मंजूर झाला होता.