खुलासा: माळढोक म्हणजे वोलेमी पाइन नव्हे

‘ऑस्ट्रेलियाने वोलेमी पाइन हा दुर्मीळ वृक्ष रोपवाटिकेत वाढवून वाचवला, तसाच माळढोक पक्षी पिंजऱ्यात वाढवला की प्रश्न मिटला,’ असा संदेश फिरतो आहे. तो दोन्हीकडे चुकतो.

१९९४ साली सिडनीच्या वायव्येला सापडलेल्या वोलेमी पाइन या सूचिपर्णी झाडाची छाट कलमं (काडी मातीत रोवून केलेली रोपं) होतात. पण उभ्या शेंड्याची काडी घ्यावी लागते. आडव्या फांदीची काडी रुजली तरी आडवीच वाढते. आज रोपं जगभर विकत मिळतात, तरी रानात मोठी झाडं शंभरहून कमी आहेत. मुळं कुजवणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव माणसांच्या बुटांच्या मातीतून पोहोचतो, म्हणून ही झाडं ज्या दरीत आहेत तिचं ठिकाण गुप्त ठेवतात. म्हणजे झाडही पुरतं वाचलेलं नाही.

माळढोकाचं कलम होत नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर, आणि सुमारे २७ दिवस उबवते. राजस्थानात जैसलमेरच्या माळढोक प्रजनन केंद्रात पिल्लं वाढतात हे खरं, आणि ते काम मोलाचंच आहे. पण हाताने भरवलेलं पिल्लू माणसाला सरावतं. शिवाय पक्षी जड, समोरचं कमी दिसतं; विजेची तार ऐनवेळी दिसली तरी वळता येत नाही. तारा जमिनीखाली गेल्या नाहीत, तर सोडलेले पक्षीही त्यांवरच आदळतील.