मार्केट नाही म्हणे!

"व्हीआरला मार्केटच नाही." व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, डोळ्यांवर हेडसेट चढवून गेमच्या आत शिरायचं ते. गेमिंगच्या कुठल्याही ग्रुपवर जा, कोणी बिचाऱ्याने 'हेडसेट घेऊ का?' असं विचारलं की खाली पहिली कमेंट हीच. दुसरी, 'खेळायला काही नाही रे त्यावर.' तिसरी, 'पैसे जास्त झालेत का?' खेळायला फारसं काही नाही हे मलाही मान्य आहे. पण का नाही, हे कोणी विचारत नाही. माझं यावर लांबलचक मत आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी मार्केटचंच बोलू. नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हॉल्व्हने (पीसी गेमचं 'स्टीम' हे ऑनलाइन दुकान चालवणारी कंपनी) 'हाफ-लाइफ: अलिक्स' हा व्हीआर गेम जाहीर केला. व्हॉल्व्हचा स्वतःचा हेडसेट, इंडेक्स, तेव्हा हजार डॉलरला होता. भरीला दणकट पीसी हवा, खोलीच्या कोपऱ्यांत सेन्सर लावायचे, केबलचं लोढणं पाठीवर. शहाणा माणूस लांबूनच नमस्कार करेल अशी ही वस्तू. तरीही जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेसकट बहुतेक देशांत इंडेक्स संपला होता. गेम यायचा होता मार्चमध्ये! म्हणजे लोकांनी एका गेमसाठी, तोही हातात नसताना, हजार डॉलर मोजले. आणि आम्हाला सांगतात मागणी नाही.

मग व्हॉल्व्हने पुढे काय केलं? २०१७ मध्ये कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल स्वतः म्हणाले होते की आम्ही तीन व्हीआर गेम बनवतोय. त्यातला मोठा म्हणावा असा हा एकच आला. दुसऱ्या-तिसऱ्याचं काय झालं ते देवाला ठाऊक. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी 'स्टीम फ्रेम' हा नवा हेडसेट जाहीर केला, छान दिसतोय, पण सोबत स्वतःचा एकही नवा व्हीआर गेम जाहीर केला नाही. लग्नाचा हॉल बुक आहे, जेवणाचं बघू नंतर.

पण व्हॉल्व्हवर मी फार चिडत नाही. माझा खरा राग सोनीवर आहे.

सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर२ हा हेडसेट फेब्रुवारी २०२३ मध्ये आला. किंमत ५५० डॉलर, म्हणजे ज्या पीएस५ (प्लेस्टेशन ५) कन्सोलला तो जोडायचा त्याच्यापेक्षाही महाग. भारतात तो डिसेंबरमध्ये पोहोचला, ५८ हजारांच्या आसपास. वस्तू म्हणून अप्रतिम. ओलेड पडदा, त्यामुळे अंधार खरोखर काळाकुट्ट. आणि डोळ्यांचा माग काढणारे कॅमेरे. ही दुसरी गोष्ट नुसती चैन नाही. तुम्ही जिथे बघताय तेवढाच भाग मशीन स्पष्ट रेखाटतं, बाकीचा कडेचा भाग अंदाजपंचे, त्यामुळे त्याच चिपमधून कितीतरी चांगलं चित्र निघतं. हे ज्यांनी विचार करून बनवलं त्या इंजिनियर लोकांना माझा मनापासून सलाम.

आणि मग हेडसेट विकून झाल्यावर कंपनीने पाठ फिरवली. सुरुवातीला 'होरायझन: कॉल ऑफ द माउंटन' होता, 'ग्रान टुरिस्मो ७' या कार रेसिंगच्या गेमला व्हीआर मिळालं (ते आजही भन्नाट आहे, त्याबद्दल वाद नाही). त्यानंतर सोनीच्या स्वतःच्या स्टुडिओंकडून त्या तोडीचं काय येतंय याची वाट बघत लोक बसले. ऑगस्टमध्ये सोनीने 'फायरवॉल अल्ट्रा' प्रकाशित केला, तो बनवणारा बाहेरचा स्टुडिओ त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंद पडला. जाताना त्यांनी कारणही सांगितलं: या उद्योगातच व्हीआरला पाठबळ नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सोनीने आपला लंडन स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. पहिल्या पीएसव्हीआरवर (सोनीचा आधीचा हेडसेट) 'ब्लड अँड ट्रूथ' बनवणारे हेच लोक. म्हणजे घरात ज्यांना हे काम येत होतं त्यांनाच नारळ.

सगळ्यात झोंबलं ते 'अ‍ॅस्ट्रो बॉट'. २०१८ मध्ये 'अ‍ॅस्ट्रो बॉट रेस्क्यू मिशन' हा पहिल्या पीएसव्हीआरचा हिरा होता. तो खेळून कित्येकांनी हेडसेट घेतला. तोच छोटा रोबो, तोच स्टुडिओ, सप्टेंबर २०२४ मध्ये नवा 'अ‍ॅस्ट्रो बॉट' आला, वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून गाजला, आणि त्यात व्हीआर नाही! बरं, जुना तरी नव्या हेडसेटवर खेळावा म्हटलं तर तेही नाही, कारण पीएसव्हीआरचे गेम व्हीआर२ वर चालतच नाहीत. ज्या माणसाने दोन्ही हेडसेट इमानदारीत विकत घेतले त्याला हे बक्षीस.

ऑगस्ट २०२४ मध्ये ६० डॉलरचा एक अडॅप्टर आला, हेडसेट पीसीला जोडा म्हणाले. जोडला, तर तिथे डोळ्यांचा माग नाही, एचडीआर नाही, हेडसेटचं कंपनही नाही. ज्या गोष्टींसाठी जास्तीचे पैसे घेतले त्याच वगळून. मार्च २०२५ मध्ये किंमत ४०० डॉलरवर आणली. पहिल्या दिवशी विश्वास टाकून घेणारे ते बघत बसले.

आता कोणी म्हणेल, अहो पण कमी विकला गेला तर कंपनीने किती दिवस पैसे ओतायचे? इथेच तर माझा मुद्दा आहे. गिऱ्हाईक थांबलंय गेमसाठी आणि गेम बनवणारा थांबलाय गिऱ्हाइकासाठी. वीस माणसांचा स्टुडिओ हा तिढा सोडवू शकत नाही, एक गेम आपटला की त्यांचे पगार थकतात. मी-तुम्ही तर नाहीच. तो सोडवण्याची ऐपत एकाच्याच खिशात आहे: जो हेडसेट विकतो त्याच्या. आणि सगळ्यात आधी मैदान सोडतो तोच, वर जाताना आमच्याकडे बोट दाखवतो की मार्केट नाही.

क्वेस्ट हेडसेट बनवणाऱ्या मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्यांचं काय, त्यांनी तर पैसा ओतला ना? ओतला की. त्यांच्या रिअ‍ॅलिटी लॅब्स या व्हीआर विभागाचा २०२४ चा तोटा १७ अब्ज डॉलरच्या वर आहे. पण या पैशातून आम्हाला आधी काय मिळालं, तर मेटाव्हर्समध्ये (त्यांच्या आभासी जगात) कमरेपासून वर असलेली माणसं, मग काही काळाने त्यांना पाय फुटतील अशी घोषणा. दुसरीकडे 'एको व्हीआर' हा गेम, ज्याचे चाहते जिवापाड खेळायचे, तो ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हर बंद करून संपवला. तो बनवणारा रेडी अ‍ॅट डॉन स्टुडिओ पुढच्या वर्षी गेला.

आणि 'सॅन अँड्रियास'! ऑक्टोबर २०२१ मध्ये मोठ्या थाटात जाहीर केलं की 'जीटीए: सॅन अँड्रियास' क्वेस्ट २ वर येतोय. आपल्याकडे सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून ज्यांनी हा गेम खेळलाय त्यांना यातली मजा वेगळी सांगायला नको. किती जणांनी त्या एका घोषणेवर क्वेस्ट घेतला असेल. मग शांतता. एक चित्र नाही, एक तारीख नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये कळलं की तो अनिश्चित काळासाठी बाजूला ठेवलाय. २०२० मध्ये जाहीर झालेला 'स्प्लिंटर सेल' चा व्हीआर गेम तर २०२२ मध्ये रद्दच झाला. घोषणेच्या जोरावर हेडसेट मात्र विकले गेले, ते कोणी परत घेतले नाहीत.

गेमला उशीर होतो याचा मला राग नाही. 'सायबरपंक २०७७' तीनदा पुढे ढकलला आणि तरी इतका कच्चा आला की सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला. तो चौथ्यांदा ढकलला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. टीम चेरी या स्टुडिओच्या 'सिल्कसाँग' ची घोषणा फेब्रुवारी २०१९ ची आणि गेम आला सप्टेंबर २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं! लोकांनी त्यावर विनोद करून करून विनोद संपवले. पण टीम चेरीने दरम्यान प्री-ऑर्डर घेतली नाही, आला तेव्हा २० डॉलरला पूर्ण गेम दिला. अशी वाट बघायला काही वाटत नाही.

याउलट 'स्टार सिटिझन' हा अंतराळातला गेम. २०१२ ची किकस्टार्टर मोहीम (लोकांकडून आधीच पैसे गोळा करायची), गेम २०१४ मध्ये येणार, ऑक्युलस रिफ्ट या हेडसेटवर चालणार, असं सगळं तेव्हाच सांगितलेलं. लोकांनी आजवर दिलेली रक्कम ७० कोटी डॉलर केव्हाच ओलांडून गेली आहे. त्यातला एकट्याने खेळायचा 'स्क्वाड्रन ४२' हा भाग, तोही मूळ २०१४ चाच, २०२४ मध्ये सांगितलं की २०२६ ला देऊ. मधल्या काळात शेकडो डॉलरची अंतराळयानं विकणं चालू, काही यानं तर अजून बनायची आहेत. आपल्या पुण्या-मुंबईच्या लोकांना हा धंदा ओळखीचा वाटेल: ब्रोशरमध्ये स्विमिंग पूल, बुकिंगचे पैसे घेऊन झाले, साइटवर चार खांब. फरक एवढाच की बिल्डरसाठी २०१७ पासून महारेरा आहे. ताब्याची तारीख लिहून द्यावी लागते, ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, तारीख चुकली तर व्याज मागता येतं. महारेरा आल्यावर सगळ्यांना वेळेवर पझेशन मिळायला लागलं असं कोणी म्हणणार नाही, पण निदान भांडायला जागा तरी झाली. न बनलेलं अंतराळयान विकणाऱ्याशी भांडायला कुठे जायचं?

आपल्याकडची गंमत तर अजून वेगळी. चांगले हेडसेट बरेचदा इथे अधिकृत विकलेच जात नाहीत, मग कोणाचा तरी मावसभाऊ न्यू जर्सीहून येताना बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणतो. माझाही तसाच आला. कंट्रोलरची काडी आपोआप एका बाजूला सरकायला लागली तेव्हा कंपनीच्या ग्राहक सेवेने अत्यंत गोड भाषेत कळवलं की तुमच्या देशात आम्ही सेवा देत नाही. (टूबीएचकेच्या हॉलमध्ये तलवारबाजी करताना ट्यूबलाइट फोडली तो दोष मात्र माझा आणि घरमालकाचा आपापसातला.)

हार्डवेअर मारून टाकायचा विक्रम मात्र मायक्रोसॉफ्टच्या नावावर. २०१७ मध्ये एसर, डेल, एचपी, लेनोवो, सॅमसंग असे सगळे गोळा करून त्यांच्या हेडसेटसाठी विंडोज मिक्स्ड रिअ‍ॅलिटी आणली. एचपीचा रिव्हर्ब जी२ तर २०२० च्या शेवटी आला, ६०० डॉलरचा, फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांचा लाडका. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे सगळं बंद करत असल्याचं सांगितलं आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. लेन्स शाबूत, पडदे शाबूत, केबल शाबूत, पण विंडोज अपडेट केलं की तो नुसता डोक्याला लावायचा डबा. चार वर्षांत!

हे असंच असतं, तंत्रज्ञान पुढे जातं, असं म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. ऑक्युलस गो हा साधा हेडसेट फेसबुकने २०२० मध्ये गुंडाळला. पण ऑक्युलसचा जुना तंत्रप्रमुख जॉन कारमॅक आतून मागे लागला आणि २०२१ मध्ये त्याचं कुलूप उघडणारं सॉफ्टवेअर कंपनीने अधिकृतपणे दिलं, म्हणजे मालकाला आपल्या यंत्रावर हवं ते टाकता येईल. कंपनीचं काडीचं नुकसान झालं नाही. दुसरी गोष्ट त्याच विंडोज हेडसेटची. २०२५ मध्ये एका अभियंत्याने फावल्या वेळात 'ओअ‍ॅसिस' नावाचा ड्रायव्हर लिहिला आणि तो डबा पुन्हा स्टीमव्हीआरवर (व्हॉल्व्हचं व्हीआर चालवणारं सॉफ्टवेअर) चालू झाला. एका माणसाने, फुकट.

त्यामुळे माझी मागणी भव्य वगैरे नाही. खोक्यावर छापा की अमुक वर्षापर्यंत हे चालवू. दुकान बंद करायचं असेल तर करा, पण किल्ली आमच्याकडे देऊन जा. आणि जो गेम दाखवून हेडसेट विकताय तो गेम आलाच नाही तर हेडसेट परत घ्यायची सोय ठेवा. तोपर्यंत 'हेडसेट घेऊ का' विचारणाऱ्यांना माझं उत्तर: आज, या घडीला त्यावर असलेले कोणते गेम तुम्ही खेळणार त्यांची नावं सांगा. ग्रान टुरिस्मोचं वेड असेल आणि घरी स्टिअरिंग असेल तर व्हीआर२ बेलाशक घ्या. पुढे येणाऱ्या गेमची नावं यादीत असतील तर ती खोडा आणि मग परत मोजा.

आणि ज्यांच्या माळ्यावर जुना रिव्हर्ब किंवा तसला कुठला विंडोजवाला हेडसेट पडलाय, त्यांनी तो भंगारात घालू नका. पीसीत एनव्हिडियाचं कार्ड असेल तर स्टीमवर ओअ‍ॅसिस शोधा, एएमडीवर तो चालत नाही. जोडताना अडलात तर खाली कमेंटमध्ये कार्डाचं मॉडेल लिहा, बघू.