खुलासा : सी भाषेतला 'कॉन्स्ट' म्हणजे कंपाइल-टाइम स्थिरांक नव्हे

दारव्हा-दिग्रसकडच्या पॉलिटेक्निकच्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : "कॉन्स्ट लावला की किंमत कंपाइल होतानाच पक्की होते, डिफाइन वापरूच नका." (कंपाइल म्हणजे प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर; कॉन्स्ट हा व्हेरिएबलच्या आधी लावायचा शब्द; डिफाइन म्हणजे कंपाइलआधी नावाच्या जागी किंमत घालणारी ओळ.) सी++ पुरतं हे बरंचसं खरं आहे, सी मध्ये नाही. परीक्षा तोंडावर आहे, म्हणून लिहितो.

सी मध्ये कॉन्स्ट एवढंच सांगतो की या नावानं किंमत बदलता येणार नाही. वजनकाट्याच्या प्रोग्राममध्ये 'कॉन्स्ट इंट कापूस = १;' लिहून स्विचमध्ये (किमतीनुसार वाट निवडणारा भाग) 'केस कापूस:' टाका, जीसीसी हा कंपायलर सहसा एरर देतो, कारण केसला स्थिर पदावलीच, म्हणजे कंपाइल होतानाच किंमत ठरणारं पद, लागते. एखादा कंपायलर चालवून घेतो, पण ती त्याची सवलत, भाषेचा नियम नव्हे. फंक्शनमध्ये अशा नावानं ॲरेचा (एकाच प्रकारच्या किमतींच्या रांगेचा) आकार दिला तर चालतो, कारण सी९९ पासून (भाषेची १९९९ ची आवृत्ती) तो बदलत्या लांबीचा ॲरे ठरतो. पोरं फसतात ती इथंच.

पूर्णांकासाठी इनम (पूर्णांकांना नावं देणारी यादी) वापरा, तो खरा स्थिरांक. सी२३ या भाषेच्या नव्या आवृत्तीत 'कॉन्स्टएक्स्पर' हा कीवर्डही आलाय, पण सी++ सारखा फंक्शनला लागत नाही, फक्त ऑब्जेक्टला, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावाला. लॅबमधल्या जुन्या टर्बो सी कंपायलरमध्ये तो मिळणार नाही.