एसीचा कपॅसिटर बदलायचा कुणी?

एसीचा कपॅसिटर घरच्या घरी बदलता येतो का? येतो. बदलावा का? ते तुमचं आउटडोअर युनिट कुठे बसवलंय त्यावर ठरतं. गच्चीवर, अंगणात किंवा बाल्कनीत पाय जमिनीवर ठेवून हात पोचत असेल तर खुशाल बदला. चौथ्या मजल्याच्या खिडकीबाहेर ब्रॅकेटवर टांगलेलं असेल तर हात लावू नका, तुम्ही स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर असलात तरी. माझं म्हणणं एवढंच. पण आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर यावरून चांगलीच जुंपली, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ग्रुपवर दोन पार्ट्या होत्या. एक म्हणे, विजेच्या वस्तूला हातच लावायचा नाही, माणूस बोलवा. दुसरी म्हणे, तीनशे रुपयांची वस्तू, दहा मिनिटांचं काम, एसीवाल्याला हजार-बाराशे का मोजायचे? मला दोन्ही पटत नाहीत.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीच्या कॉम्प्रेसरमध्ये सिंगल फेजची मोटर असते. सिंगल फेजच्या एका वाइंडिंगवर (तारेच्या गुंडाळीवर) मोटर नुसती हुंकारते, कुठल्या दिशेला फिरायचं ते तिला कळत नाही. म्हणून दुसरं वाइंडिंग देतात आणि त्याच्या वाटेत कपॅसिटर बसवतात. त्यामुळे दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढे सरकतो आणि मोटर गरकन उचलते. सीलिंग फॅन मंद झाला की आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून अडीच मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या क्षमतेचं माप) कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच, आणून लावतो ना, तेच हे. फक्त एसीत तो दीड टनाला ४५-५०च्या घरात असतो, एक टनाला त्याहून कमी.

आता तो जातो कसा? आत प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते, तिच्यावर धातूचा मुलामा. कुठे बारीक भोक पडलं की तेवढाच मुलामा जळून जातो आणि कपॅसिटर काम करत राहतो. असं वर्षानुवर्षं होत होत त्याची क्षमता घटत जाते. त्यात उष्णतेने भर पडते. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश असताना पत्र्याच्या खोक्यात, भर उन्हात गच्चीवर बसलेल्या त्या डब्याचं काय होत असेल, विचार करा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला की एसीवाल्यांचे फोन लागत नाहीत ते उगाच नाही. संध्याकाळी सगळ्या गल्लीचे एसी सुरू होतात, व्होल्टेज खाली येतं, आणि जो कपॅसिटर एप्रिलमध्ये कसाबसा निभावत होता तो नेमका तेव्हा हात टेकतो.

लक्षणं ठरलेली असतात. आतला ब्लोअर चालू, हवा येते पण साधी. बाहेरचा पंखा फिरतोय, पण कॉम्प्रेसर काही सेकंद 'हंऽऽ' करतो आणि 'टक्' होऊन गप्प बसतो. तो टक् ओव्हरलोडचा, म्हणजे जास्त तापल्यावर कॉम्प्रेसर बंद करणाऱ्या स्विचचा. काही मिनिटांनी तो थंड झाला की पुन्हा हंऽऽ, पुन्हा टक्. त्या क्षणी घरातले दिवे किंचित मंद होतात, तेही बघा. असा एसी रात्रभर तसाच ठेवू नका, कॉम्प्रेसरचं वाइंडिंग तापून तापून जळतं आणि मग तीनशेचं काम दहा-बारा हजारांवर जातं.

खरा राग मला येतो तो 'गॅस संपला'चा. शेजारच्या काकूंकडे परवा हेच झालं. एसीवाल्या पोराने रिमोट दाबला, ब्लोअरसमोर हात धरला आणि गच्चीवर पाऊलही न ठेवता सांगून टाकलं, "काकू, गॅस संपला. अठ्ठावीसशे होतील." मी म्हटलं, "अरे बाबा, कॉम्प्रेसर उचलतोय का ते तरी बघ." तर म्हणे, "काका, गॅस नसल्यावर कसा उचलणार?"

गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, की चालवलं की संपलं. सिस्टिम बंद असते, तोच गॅस आयुष्यभर फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून, बुजवून, व्हॅक्यूम करून, मग युनिटच्या लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरायचा असतो. शिवाय गॅस कमी झाला की साधारणपणे कॉम्प्रेसर चालतो, पण थंडावा येत नाही. बारीक पाइपवर किंवा आतल्या कॉइलवर बर्फ धरतो, नटाच्या जोडाशी तेलकट डाग दिसतो. कॉम्प्रेसर उचलतच नसेल तर पहिला संशय कपॅसिटरवर घ्यायचा. हा एवढा फरक ज्याला कळतो त्याची निम्मी फसवणूक तिथेच टळते. पाना-पक्कड हातात घ्यायची गरजही नाही.

काकूंचं युनिट गच्चीवर होतं, म्हणून मी उघडलं. बाजूचा पत्रा काढल्यावर आधी कुंभारीण माशीचं मातीचं घर निघालं, त्याच्यामागे चार-पाच इंचांचा ॲल्युमिनियमचा डबा. वरची बाजू फुगलेली. कधी कधी ती फुगतही नाही, दिसायला डबा ठणठणीत असतो आणि क्षमता मोजणारं मल्टिमीटर लावल्यावरच पितळ उघडं पडतं. यावर ५० छापलं होतं, मीटरवर ३१ आलं. सोबत अधिक-उणे ५ टक्के असं लिहिलेलं असतं, म्हणजे साडेसत्तेचाळीसच्या खाली गेला की तो रद्दीतच.

आता ज्यांची जागा सोयीची आहे त्यांच्यासाठी. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद करणं नव्हे. एसीच्या बोर्डावरचा एमसीबी खाली पाडा, घरातल्या सगळ्यांना सांगा, आणि बाहेर टर्मिनलवर मीटर लावून सप्लाय खरंच गेलाय याची खात्री करा. वायरिंग करताना फेज-न्यूट्रल उलटे जोडलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे आतला रिले (सप्लाय तोडणारा स्विच) उघडला तरी बाहेर करंट जिवंत राहतो.

मग कपॅसिटरमधला चार्ज. बहुतेक वेळा तो मोटरच्या वाइंडिंगमधून आपोआप निघून जातो, आणि म्हणूनच लोक बेफिकीर होतात. पण एखादी वायर सुटलेली किंवा वाइंडिंग तुटलेलं असेल तर तो आतच राहतो. चालू असताना कपॅसिटरवरचं व्होल्टेज घरच्या २३० पेक्षा बरंच जास्त असतं, तो ४४० व्होल्टचा बनवतात तो त्यामुळेच. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून 'फट्' करायची पद्धत सगळीकडे आहे, आमच्याकडचे जुने मेकॅनिकही तेच करतात. मला ती आवडत नाही. ठिणगी डोळ्याशी उडते आणि टर्मिनल खराब होतं. २० किलोओमचा ५ वॉटचा रेझिस्टर, इन्सुलेटेड वायरचे दोन तुकडे लावून, टर्मिनलांवर काही सेकंद धरा, मग मीटरवर डीसी व्होल्टेज शून्याजवळ आलंय ना ते बघा. रेझिस्टर दहा-वीस रुपयांत येतो.

वायर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या, तोही दोन बाजूंनी. दोनच टर्मिनल असतील तर उलटसुलट झालं तरी चालतं, याला प्लस-मायनस नसतो. पण एकाच डब्यात कॉम्प्रेसर आणि पंखा दोन्हींचे कपॅसिटर असतील तर तीन टर्मिनल असतात आणि तिथे चूक चालत नाही. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. दुकानदार म्हणाला, "साठचा टाका, जोर येईल," तर ऐकू नका. जोर येत नाही, वाइंडिंगमधून जास्त करंट जाऊन ते तापतं. डब्यावर ७० किंवा ८५ असं तापमानही छापलेलं असतं, गच्चीवरच्या युनिटला ८५ वालाच मागा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत आणि आमच्याकडे नागपुरात बर्डीवर असा माल सहज मिळतो. उघड्यावरचा बिनलेबलचा डबा मात्र फुकट दिला तरी घेऊ नका.

इन्व्हर्टर एसीवाल्यांनी वरचं सगळं विसरावं. तिथे कॉम्प्रेसरला असा वेगळा कपॅसिटर नसतोच. बोर्डावर मोठे कपॅसिटर असतात, त्यांत तीनशेहून जास्त डीसी व्होल्ट साठलेले असतात आणि एमसीबी पाडल्यावरही काही मिनिटं टिकतात. आजकाल विकले जाणारे बहुतेक एसी इन्व्हर्टरच आहेत. त्यामुळे यूट्यूबवर 'फक्त पाच मिनिटांत' असं काही बघितलं तर आधी आपल्या एसीवरचं लेबल वाचा. आणि वॉरंटी चालू असेल तर कुठलाच पत्रा उघडू नका.

आता उंचीचं. शहरातल्या इमारती बघा. बिल्डरने एसीसाठी जागाच ठेवलेली नसते, मग खिडकीच्या ग्रिलबाहेर लोखंडी अँगल ठोकून युनिट टांगतात, पावसात त्याचे नट गंजतात. तिथे एक विशी-बाविशीतला पोरगा एक पाय छज्ज्यावर, एक पाय ग्रिलवर ठेवून, बेल्टशिवाय काम करतो, आणि आपण आतून त्याला विचारतो, "किती वेळ लागेल?" अशी पोरं पडून गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बाराशे रुपये त्या डब्याचे नाहीतच. ते खिडकीबाहेर लटकण्याचे आहेत, आणि माझ्या मते कमीच आहेत. तिथे घासाघीस करणारा माणूस मॉलमध्ये पॉपकॉर्नला चारशे मुकाट्याने देतो, हेही मी पाहिलंय.

म्हणून फ्लॅटवाल्यांनी बिघाड काय ते स्वतः ओळखावं आणि काम एसीवाल्याला द्यावं. फोनवर "एसी थंड करत नाही" एवढंच सांगू नका. सांगा, "पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर उचलत नाही, दीड टन, नॉन-इन्व्हर्टर. पन्नासचा कपॅसिटर आणि मीटर घेऊन या." समोरचा एकदम वेगळ्या सुरात बोलतो, आणि गॅसचा विषय निघतच नाही. जुना कपॅसिटर मागून घ्या, नव्याचं बिल घ्या. आणि तो खिडकीकडे वळला की सेफ्टी बेल्ट आणलाय का ते विचारा. नसेल तर उद्या बेल्ट घेऊन या म्हणा. एक रात्र कूलरवर निघते.