एका क्लिकला एकच खिडकी

बँकेच्या साइटवर 'स्टेटमेंट डाउनलोड' दाबलं की काहीच होत नाही. पुन्हा दाबलं, तरी ढिम्म. पाचव्यांदा आपण बँकेला, नेटला आणि माउसला, या क्रमाने, शिव्या घालतो. खरा आरोपी ॲड्रेस बारच्या उजव्या टोकाला चिमुकलं चिन्ह होऊन बसलेला असतो: पॉप-अप ब्लॉकर.

पण 'थांबा! जाण्याआधी आमचं वार्तापत्र घ्या' म्हणत पडद्याच्या मधोमध उभा राहणारा चौकोन त्याला कसा चालतो? कारण ब्लॉकर दारावर असतो. नवी खिडकी किंवा टॅब उघडू पाहणाऱ्यालाच अडवतो. चौकोन त्याच पानाच्या एचटीएमएलमधला (पान ज्यात लिहितात त्या कोडमधला), म्हणजे आधीच सोफ्यावर पाय पसरून बसलेला पाहुणा. त्याला उठवायला यूब्लॉक ओरिजिनसारखं एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लागतं. त्यातल्या 'अ‍ॅनॉयन्सेस', म्हणजे अशा कटकटींच्या, याद्याही मुळात बंद असतात, आपणच चालू करायच्या. (क्रोमवाल्यांच्या नशिबी आता त्याचा धाकटा भाऊ, 'यूब्लॉक ओरिजिन लाइट'.)

ब्लॉकर तपासायला सिनेमे फुकट देणाऱ्या साइटवर जाणारे महाभाग आहेत. ब्रेक लागतो का बघायला कोणी गाडी घाटात घालतं का? मी म्हणतो, नोटपॅडमध्ये पाच-सात ओळींचं पान करा आणि त्याला तीन कामं द्या. पान उघडताच एक खिडकी, बटण दाबल्यावर लागोपाठ दोन, आणि दुसरं बटण दाबल्यावर 10 सेकंदांनी एक. क्रोममध्ये पहिली अडायला हवी. दोनांपैकी एकच उघडते. एका क्लिकला एकच खिडकी, रेशनचा हिशेब. 10 सेकंदवालीही अडते, कारण क्लिकचा परवाना पाचेक सेकंदांत बाद होतो. बँकेची साइट सर्व्हरच्या उत्तराची वाट बघत बसली की स्टेटमेंटचं नेमकं हेच होतं.

ही परीक्षा डेव्हलपर टूल्सच्या कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्येच आज्ञा टाइप करायच्या चौकटीत, मात्र घेऊ नका. तिथे टाइप केलेली आज्ञा क्रोम तुमचाच क्लिक धरतो आणि बिचारा ब्लॉकर फुकट नापास होतो. एक्स्टेंशनही एका वेळी एकच ठेवा, नाहीतर कोणी अडवलं यावर दोघांचं भांडण.

बँकेपुरती सूट द्यायची तर क्रोमच्या सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, पॉप-अप्स अँड रीडायरेक्ट्स. तिथे परवानगीच्या यादीत बँकेचा पत्ता घाला. सगळ्या जगाला दार उघडू नका. मग पान रिफ्रेश करा. स्टेटमेंट येतं आणि पासवर्ड मागतं: नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. अक्षरं कॅपिटल की स्मॉल, ते कुठेच लिहिलेलं नसतं.