त्या फोटोतला डोळा काळा करू नका

आज दुपारी बचत गटाची कागदं झेरॉक्स करायला गेले होते. दुकानातला पोरगा कॉम्प्युटरवर एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचं फ्लेक्स बनवत होता. कडेने गॉगल लावलेले काका-मामा, मधोमध फेटा बांधलेलं बाळ. आईबाप शेजारीच उभे. फोटो मोबाईलच्या फ्लॅशमध्ये काढलेला. बाळाचा एक डोळा काळाभोर आणि दुसऱ्याच्या बाहुलीत पांढरी चकाकी, मोती ठेवल्यासारखी. पोरगा म्हणाला, "दादा, एका डोळ्यात लाईट आलीय, नीट करतो." त्याने चांगल्या डोळ्याची बाहुली कॉपी केली आणि पांढऱ्यावर चिकटवली. झालं काम.

मी ओरडलेच. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली.

कारण हे मी आधी पाहिलंय. 1988 साली, तालुक्याच्या फोटो स्टुडिओत. माझा धाकटा भाऊ तेव्हा दोन वर्षांचा होता. फोटोवाल्याने बारीक ब्रशने, काळ्या शाईने त्याचा डावा डोळा रंगवून दिला होता. किती सुबक काम केलंय म्हणून आजोबांनी त्याला दोन रुपये जास्त दिले. तो फोटो आजही आईच्या घरी भिंतीवर आहे. दोन्ही डोळे काळेभोर.

आईला त्याच्या कितीतरी आधी दिसलं होतं. संध्याकाळी कंदील लावला की ती म्हणायची, "ह्याचा डोळा मांजरावानी चमकतोय." आजी म्हणाली फूल पडलंय, मध घाला. शेजारीण म्हणाली, गरोदरपणी ग्रहणात काहीतरी चिरलं असशील. डोळा तिरळा व्हायला लागला तर कुणी म्हणालं, तिरळं पोर भाग्याचं असतं. तालुक्याच्या डॉक्टरांनी थेंब दिले. सहा महिने थेंब! पोराच्या डोळ्याच्या पडद्यावर कॅन्सर वाढत होता आणि आम्ही थेंब घालत होतो.

रेटिनोब्लास्टोमा. नाव अवघड आहे, पण पाठ करा. बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या लेकरांना होतो. साधारण पंधरा-अठरा हजार बाळांत एखाद्याला. म्हणजे फार नाही, असं म्हणणारे असतीलच. जगात वर्षाला आठेक हजार मुलं, आणि त्यातली सगळ्यात जास्त आपल्या देशात. आता म्हणा फार नाही म्हणून.

आणि राग कशाचा येतो सांगू? हा बरा होणारा कॅन्सर आहे. श्रीमंत देशांत जवळजवळ सगळी मुलं वाचतात. 153 देशांतल्या चार हजारांवर मुलांची पाहणी 2020 मध्ये छापून आली. श्रीमंत देशांत निदान होतं तेव्हा मूल साधारण चौदा महिन्यांचं असतं, सगळ्यात गरीब देशांत अडीच वर्षांचं. त्या गरीब देशांत जवळजवळ निम्म्या मुलांचा कॅन्सर तोवर डोळ्याबाहेर पडलेला असतो, श्रीमंत देशांत शंभरात एक-दोघांचा. रोग तोच, डोळा तोच. मधलं वर्ष-सव्वा वर्ष कुठे जातं? माझ्या भावाचं कुठे गेलं ते मला माहीत आहे. थेंबांत गेलं, मधात गेलं, त्या काळ्या शाईत गेलं.

उपचार नाहीत असंही नाही. किमो आहे, लेझर आहे, गाठ गोठवून मारतात. डोळ्यावर काही दिवस शिवून ठेवायची, गाठीला जवळून किरणं देणारी रुथेनियम धातूची चकती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने इथेच बनवली. मुंबईत टाटा आहे, हैदराबादला एल. व्ही. प्रसाद, चेन्नईला शंकर नेत्रालय, दिल्लीला एम्स. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेत सवलत आहे, महात्मा फुले योजना आहे. पण तिथवर पोचायला आधी कुणीतरी त्या बाळाच्या डोळ्यात बघायला नको का? अंधाऱ्या खोलीत ऑफ्थाल्मोस्कोपचा, म्हणजे डोळ्यात बघायच्या छोट्या बॅटरीसारख्या यंत्राचा, उजेड दोन्ही डोळ्यांत टाकायचा. दोन्ही बाहुल्या सारख्या लालसर चमकल्या तर ठीक, एक पांढरी दिसली तर त्याच आठवड्यात पुढे पाठवायचं. मिनिटभराचं काम. लसीकरणाला प्रत्येक आई बाळ घेऊन येतेच, तिथेच करा! आशाताई आणि सिस्टरवर आधीच शंभर कामं आहेत, मान्य. मग माणसं वाढवा. आणि हो, पांढरं दिसलं म्हणजे दर वेळी कॅन्सर नसतो. कधी मोतीबिंदू असतो, कधी नुसता फ्लॅशचा कोन. ते डोळ्यांच्या डॉक्टरांना ठरवू दे, फ्लेक्सवाल्याने का ठरवायचं?

लिहिता लिहिता आजोबांवरही राग निघतोय, आणि तो मला काढायचा नव्हता. जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळा काढा, पोरगं वाचेल. आजोबा म्हणाले, "पोराला काणा करून नेऊ का गावात?" आणि उचलून घरी आणलं. चार महिन्यांत डोळा सुजून बाहेर आला. मग बैल विकला आणि टाटाला नेलं. तिथले डॉक्टर आईशी खूप मायेने बोलले एवढं तिला आठवतं. दिवाळीच्या आधी तो गेला.

आजोबा वाईट नव्हते हो. त्यांना कुणी बसवून सांगितलंच नाही की काढलेल्या डोळ्याच्या जागी कृत्रिम डोळा बसतो, पोरगं शाळेत जातं, क्रिकेट खेळतं, संसार करतं. आजही आईबाप वॉर्डातून लेकरू उचलून नेतात. मुलगी असेल तर "लग्न कोण करील" म्हणून आणखी लवकर नेतात. त्यांना अडाणी म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांच्याजवळ दहा मिनिटं बसून, कृत्रिम डोळा बसवलेलं एखादं हसरं पोर दाखवणारं माणूस हवं. तेवढंच.

आई पस्तीस वर्षं त्या ग्रहणाचा दोष स्वतःकडे घेऊन जगली. हा एका जनुकातल्या बिघाडाचा रोग आहे, तिने काही चिरल्याने झालेला नाही, हे तिला मी सांगितलं, तेही अगदी अलीकडे. ती काही बोलली नाही. पदराने फोटोची काच पुसली. काही घरांत तो बिघाड पुढच्या पिढीत उतरू शकतो, म्हणून माझ्या दोन्ही मुलांचे डोळे मी तान्हेपणीच थेंब घालून पडद्यापर्यंत तपासून घेतले होते.

आज दुकानात त्या बाळाची आई हळूच म्हणाली, "ताई, मला घरी पण दिसतं. टीव्हीसमोर मांडीवर घेतलं की. ह्यांना म्हटलं तर म्हणतात तुला भास होतो." नवरा खाली बघत होता. विशीतला पोरगा, तोही घाबरलेला. मी त्याला मूळ फोटो मोबाईलमध्ये तसाच ठेवायला लावला, जिल्ह्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलं आणि उद्याच निघ म्हणून सांगितलं. तो "परवा वाढदिवस आहे, झाला की जातो" म्हणाला.

संध्याकाळपासून चार वेळा फोन केला, बंद येतोय. घर कुठल्या आळीत आहे ते दुकानातल्या पोराला माहीत आहे. सकाळी सातला त्याला घेऊन जाणार आहे. सोबत भिंतीवरचा तो फोटो नेणार आहे, आईला विचारलंय, ती हो म्हणाली.