रंग न दिलेल्या विमानाला रंग देताना

काचेच्या कपाटातलं हे विमानाचं मॉडेल पाहून पाहुणे हमखास म्हणतात, "झकास! रंग कधी देणार?" अंगावर प्रायमरपासून वॉर्निशपर्यंत पाच-सहा थर आहेत, हे सांगत बसू नये. चहा टाकावा.

हा अपमान नको असेल त्याने एमई 262 चं, म्हणजे मेसरश्मिट कंपनीच्या दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लढाऊ जेटचं, एखादं हिरवं-तपकिरी रूप करावं. माझं मत मात्र 111711 या कारखाना-क्रमांकाच्या विमानालाच. 30 मार्च 1945 रोजी मेसरश्मिटचा चाचणी वैमानिक हान्स फाय हे नवंकोरं जेट घेऊन फ्रँकफर्टजवळच्या ऱ्हाइन-माइन तळावर उतरला आणि अमेरिकनांच्या हवाली झाला. विमान कारखान्यातून नुकतंच निघालेलं, त्यामुळे अंगावर रंग नाही. उघडं ॲल्युमिनियम आणि पत्र्यांच्या सांध्यांवर घासलेल्या पुट्टीचे पट्टे. पेणच्या कारखान्यातून रंगकामाआधीच उचललेल्या गणपतीसारखं.

मॉडेलवाल्याची गोची इथेच होते. प्लॅस्टिकच्या किटला स्वतःचे सांधे असतात आणि ते मुळीच दिसता कामा नयेत. मग आधी खरी पुट्टी भरून ते नाहीसे करायचे, आणि नंतर त्याच अंगावर खोट्या पुट्टीचे सांधे रंगवायचे. जर्मन कारखान्याने घाईत अर्धवट टाकलेलं काम आपण निगुतीने पूर्ण अर्धवट करायचं!

किट 1/48 चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं घ्यावं, विमान लांबीला जेमतेम 22 सेंटिमीटर भरतं. सुटे भाग आधी भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्याचं तेल राहिलं की पुढे टेपबरोबर रंगही उचलून येतो. सगळ्यात छळतो तो इंजिनाचं नळकांडं आणि पंख यांच्यातला सांधा. तिथे बोट जात नाही, पॉलिश पेपर त्याहून नाही. आइस्क्रीमच्या काडीला पेपर चिकटवून 400, 800, मग 1000 नंबर असं पाणी लावून घासायचं. पुट्टी रात्रभर वाळू द्यावी. अर्धवट वाळलेली घासली तर नंतर खचते, आणि बुजवलेली भेग चंदेरी रंगाखालून परत डोकावते. हिरव्या रंगाखाली ओरखडा एकवेळ लपेल, चंदेरी रंग चहाडखोर. म्हणून ग्रे प्रायमर मारून, बॅटरी तिरपी धरून अंग तपासावं.

मग ॲल्युमिनियमचे पातळ हात. बाहेर धो-धो पाऊस असेल तर त्या दिवशी एअरब्रशला हात लावू नये. लॅकर वाळताना हवेतली ओल धरतो आणि विमानावर कोकणातल्या भिंतीसारखा पांढुरका पापुद्रा दिसतो.

आता पट्टे. मूळ पट्टा दहा सेंटिमीटरचा धरला तर आपल्या वाट्याला दोन मिलिमीटर येतात. टेपच्या दोन पट्ट्या, मध्ये दोन मिलिमीटरची फट, कडा नखाने दाबून त्यावरून पारदर्शक वॉर्निशचा एक हात, म्हणजे रंग टेपखाली झिरपत नाही. मग करड्या-हिरव्याचा पातळ फवारा. टेप वर ओढायची नाही. स्वतःवरच दुमडून, अंगाला चिकटून मागे न्यायची. पुट्टीची नेमकी छटा कोणती यावर दोन मॉडेलवाले तासभर भांडू शकतात. त्यांच्यापुढचे फोटो कृष्णधवल, म्हणून दोघेही बरोबर.

या जेटचं जुमो 004 इंजिन दहा ते पंचवीस तास चाललं की उतरवावं लागे. एवढ्या वेळात आपले डाव्या पंखाचे पट्टे होतात.

कॉकपिटची काच सुपरग्लूने चिकटवू नये. त्याच्या वाफेने ती आतून धुरकटते, आणि आत जीव ओतून केलेली घड्याळं मोतीबिंदूतून पाहावी लागतात. साधा फेव्हिकॉल टूथपिकने लावावा.

राहिलं नाक. विमान तीन चाकांचं आणि शेपूट जड, त्यामुळे नाकात वजन हवंच. सगळे भाग टेपने तात्पुरते जोडून, मागच्या चाकांच्या रेषेखाली आडवी पेन्सिल ठेवून नाक खाली झुकेपर्यंत शिसं वाढवावं. गळ टाकणाऱ्यांच्या दुकानात गोळ्या मिळतात. पण याच नाकात 30 मिलिमीटरच्या चार तोफा असतात, आणि झाकण उघडं ठेवून त्या दाखवायची हौस कुणाला नसते? तोफा दाखवल्या की शिशाला जागा नाही. मग थोडं नाकाच्या टोकाशी, थोडं कॉकपिटच्या फरशीखाली, थोडं इंजिनांच्या तोंडाशी कोंबायचं. हे विमानाचं धड जोडण्याआधी करायचं. सगळे नंतर करतात.

आणि इतकं करूनही सगळं वाळल्यावर विमान मागे कलंडून शेपटीवर बसलंच, तर पहिली प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीची विमानं, शेपटीच्या चाकावरचीच होती असं ठोकून द्यावं. ते खरंही आहे. फक्त समोरच्याने 111711 हा आकडा वाचलेला नसावा.